लांडगा काढून पाहा

या अंकासाठी संपादकांनी 'निवाडा' हा विषय कळवला तेव्हा न्यायालय, गावकी, क्रिकेटचा पंच अशी नावं लगेच पुढे आली आणि इतरांनी ती घेतलीही. माझ्या मनात माझी भाची आली. ती आणि तिची मित्रमंडळी शनिवारी रात्री कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. यंदा त्यांनी आपसात एक स्पर्धा घ्यायचं ठरवलं होतं. खेळ खेळण्याची नव्हे, खेळ लिहिण्याची. शुक्रवारी रात्री नऊला सहा घटकांची यादी जाहीर होणार, आणि रविवारी रात्री नऊच्या आत ते सहाही घटक वापरून एक अ‍ॅडव्हेंचर लिहून पाठवायचं. शब्दमर्यादा पंधराशे. एका फेरीत दोघं समोरासमोर, दोघांनाही तीच यादी. तीन परीक्षक दोन्ही प्रवेशिका वाचणार आणि एकीला पुढे पाठवणार. भाची परीक्षक होती. "मावशी, बसायला ये, पण मत द्यायचं नाही," या अटीवर मला परवानगी मिळाली.

मी गेले त्या फेरीची यादी अशी होती: थंड भट्टी, उसनं नाव, माणसाळलेला लांडगा, नाराज नावाडी, बुडालेलं देऊळ, सातवी पायरी.

ही यादी वाचताच डोक्यात काहीतरी जुळायला लागतं. देऊळ पाण्यात, म्हणजे नावाडी लागणारच. देवळाला पायऱ्या असणारच. स्पर्धकाचंही हेच होतं, आणि परीक्षकांना पहिली धास्ती याचीच असते. जे चटकन जुळतं ते सगळ्यांचंच जुळतं.

अर्धवट ठेवण्याची कला

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं, कुणी लढवय्यी, कुणी जादूगार, कुणी चोर. या टोळीला पार्टी म्हणतात. डीएम सांगतो, "नदीकाठी आलात. नाव बांधलेली आहे, नावाडी तुमच्याकडे पाठ करून बसलाय." मग खेळाडू सांगतात, आपापलं पात्र काय करतं. एक जण त्याच्याशी गोड बोलतो, दुसरी नावेचा दोर कापते. जे जमेल की नाही याची शंका आहे, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. त्यापुढे काय होईल ते डीएमलाही आधी ठाऊक नसतं.

अ‍ॅडव्हेंचर म्हणजे डीएमच्या हातातली संहिता. तिच्यात जागा असतात, माणसं असतात, त्यांच्या इच्छा आणि गुपितं असतात, धोके असतात. मुख्य पात्रं मात्र नसतात. ती कोण आहेत, किती शहाणी किंवा किती उतावळी आहेत, हे लिहिणाऱ्याला कधीच कळणार नसतं. कथालेखक शेवट लिहू शकतो. नाटककाराला निदान आपला नायक ठाऊक असतो. अ‍ॅडव्हेंचर लिहिणाऱ्याने सगळं सज्ज करायचं आणि नेमकं जे घडायचं तेवढं सोडून द्यायचं. एवढं संयमाचं लेखन मी क्वचित पाहिलं आहे. ते नीट जमलं की नाही हे नुसतं वाचून ठरवायचं, हे परीक्षकापुढचं काम.

आधी परीक्षा खेळाडूंची होती

या खेळाचा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये बाहेर पडला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती हजार. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, 'ओरिजिन्स' या खेळमेळाव्यात गायगॅक्सने 'टूम ऑफ हॉरर्स' हे अ‍ॅडव्हेंचर स्पर्धेसाठी ठेवलं. आपल्याला सगळं येतं असं समजणाऱ्या खेळाडूंना नमवणारं ते थडगं होतं: फसवे दरवाजे, खोटे मार्ग, क्षणात जीव घेणारे सापळे. वेगवेगळे संघ तेच थडगं खेळायचे आणि त्यांची तुलना व्हायची. १९७८ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपात विक्रीला आलं.

पुढे अशा स्पर्धेतल्या पुस्तिकांची वेगळी मालिकाच निघाली. तिच्या क्रमांकातलं 'सी' हे अक्षर 'कॉम्पिटिशन'चं. त्यातली पहिली पुस्तिका 'द हिडन श्राइन ऑफ तामोआचान' ही १९७९ च्या ओरिजिन्समध्ये खेळली गेली होती. छापील पुस्तिकेत तयार पात्रं आहेत आणि संघाला कशाबद्दल किती गुण द्यायचे याचा हिशोबही आहे. म्हणजे त्या काळी अ‍ॅडव्हेंचर ही प्रश्नपत्रिका होती आणि खेळाडू परीक्षार्थी. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची परीक्षा क्वचितच कुणी घेई.

ते चित्र हळूहळू बदलत गेलं. २००२ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने नव्या काल्पनिक जगासाठी जाहीर आवाहन केलं. एका पानात तुमचं जग सांगा, एवढीच मागणी. ११ हजारांहून अधिक प्रस्ताव आले. त्यांतून निवडलेल्यांना अधिक पानं लिहायला सांगितली, मग त्यांतूनही थोडे उरले, आणि शेवटी कीथ बेकर यांचं 'एबरॉन' निवडलं गेलं. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजही खेळलं जातं. २००८ पासून 'पायझो' या कंपनीच्या 'आरपीजी सुपरस्टार' स्पर्धेत टप्प्याटप्प्याने परीक्षा होऊ लागली: पहिल्या फेरीत एकच जादूई वस्तू रचायची, आणि अखेर जो जिंकेल त्याला एक संपूर्ण अ‍ॅडव्हेंचर लिहायचं काम मिळायचं. परीक्षकांचे शेरे सगळ्यांना वाचता येत. २००९ मध्ये सुरू झालेल्या 'वन पेज डंजन' स्पर्धेने तर सगळं एका पानात बसवायला लावलं, नकाशासकट.

स्वयंपाकघरातून आलेली युक्ती

घटक देऊन लिहायला लावण्याची कल्पना मात्र जपानी दूरचित्रवाणीवरून आली. फुजी वाहिनीवर १९९३ ते १९९९ या काळात 'आयर्न शेफ' हा कार्यक्रम गाजला. भव्य स्वयंपाकघर, समोरासमोर दोन आचारी, आणि ऐनवेळी उघड होणारा एक मुख्य पदार्थ. तो प्रत्येक ताटात दिसलाच पाहिजे. अमेरिकेत हा कार्यक्रम इंग्रजी आवाजात दिसू लागला तेव्हा तिथल्या खेळाडूंना त्यात आपली स्पर्धा दिसली. २००२ मध्ये 'गेम शेफ' सुरू झाली: एक विषय, काही घटक, थोडे दिवस, आणि त्यातून एक आख्खा नवा खेळ रचायचा. २००४ च्या फेरीतून निघालेले 'पोलारिस' आणि 'द माउंटन विच' हे खेळ पुढे पुस्तकरूपाने आले आणि नावाजले गेले. 'आयर्न डीएम' ही दुसरी स्पर्धा अ‍ॅडव्हेंचरपुरती. तिच्यात बाद फेऱ्या, दोघांना एकच यादी, मोजका वेळ, आणि परीक्षकांचा सविस्तर लेखी निवाडा. कर्वेनगरच्या मंडळींनी नमुना घेतला तो हिचाच.

आपल्याकडे या कल्पनेचं नवल वाटायचं कारण नाही. मुंबईत 'कल्पना एक, आविष्कार अनेक' या नावाने होणारी एकांकिका स्पर्धा याच तत्त्वावर उभी आहे. सगळ्या संघांना एकच सूत्र मिळतं आणि त्यावर प्रत्येकाने आपली एकांकिका बांधायची. तिथल्या आणि इथल्या परीक्षकाला मिळणारी सोय एकच: सगळ्यांचं प्रस्थान एकाच ठिकाणाहून असतं, त्यामुळे कोण किती लांब गेलं ते दिसतं. कपाटातली जुनी संहिता धूळ झटकून पाठवता येत नाही, हा दुसरा फायदा.

यादी करणारा अर्धं काम करतो

मला वाटलं होतं की परीक्षकाचं काम प्रवेशिका आल्यावर सुरू होतं. तसं नाही. यादी करण्यात या तिघांनी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, आणि त्यांचा खोडलेल्या शब्दांचा कागद मी पाहिला. तो मला प्रवेशिकांइतकाच बोलका वाटला.

'तलवार', 'ड्रॅगन', 'गुहा' हे शब्द पहिल्याच फटक्यात गेले होते, कारण ते कुठल्याही अ‍ॅडव्हेंचरमध्ये असतातच. ते वापरले की नाही हे पाहण्यात अर्थ नाही. 'विश्वासघात' खोडला होता, कारण तो कुठेही चिकटवता येतो. 'निळ्या डोळ्यांची आंधळी राजकन्या' हा घटक फार सांगून टाकतो, म्हणून तो गेला. जे उरलं त्यात प्रत्येक घटकाला दोन शब्द होते आणि दोहोंत थोडी ओढाताण होती. भट्टी म्हटली की ऊब, पण ही थंड. लांडगा म्हटला की भीती, पण हा माणसाळलेला. त्यामुळे लिहिणाऱ्याला 'का?' हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि त्या 'का'चं उत्तर म्हणजेच गोष्ट.

शिवाय प्रत्येक घटक निदान दोन अंगांनी वाचता यायला हवा. भट्टी लोहाराची, पाववाल्याची, दारू गाळणाऱ्याची, वीट भाजणाऱ्याची. नाव उसनं घेणारा माणूस, किंवा उसनं नाव घेतलेलं गाव. सहा घटकांपैकी चार-पाच एकमेकांकडे ओढले जातात आणि एखादा मुद्दाम वेगळ्या दिशेला तोंड करून ठेवलेला असतो. या यादीत तो लांडगा होता. नदी, नाव, देऊळ, पायरी यांच्या घोळक्यात त्याला जागा कशी मिळते, तिथेच फेरीचा निकाल लागणार हे तिघांनाही ठाऊक होतं.

दोन प्रवेशिका

दोन्ही प्रवेशिका मराठीत होत्या, मधूनमधून खेळातले इंग्रजी शब्द पेरलेले. पाठवणाऱ्यांची नावं काढून टाकली होती, पण एवढ्या छोट्या गटात लिहिण्याच्या ढंगावरून माणूस ओळखू येतोच. भाचीने ते सुरुवातीलाच बोलून दाखवलं: "पहिली कुणाची ते मला कळलंय. तुम्हालाही कळलं असेल. आता ते बाजूला ठेवू." मला हे आवडलं. ओळखलंच नाही असा देखावा करण्यापेक्षा हे बरं.

पहिलीत नदीकाठचं एक गाव आहे. बांध घातल्यावर जुनं गाव आणि देवीचं देऊळ पाण्याखाली गेलं. त्या रात्री नावाड्याने सगळ्यांना पैलतीरी आणलं, पण त्याची मजुरी कुणी दिली नाही, आणि शेवटच्या खेपेत त्याचा मुलगा गेला. तेव्हापासून तो कुणालाही नावेत घेत नाही. नव्या गावात एक लोहार आहे. त्याची भट्टी कितीही फुंकली तरी पेटत नाही. कारण तिच्यातला विस्तव देवळाच्या गाभाऱ्यातून आणलेला, आणि तो आणणारा लोहार मुळात लोहारच नाही. देवीला सोडून पळालेला पुजारी आहे. मेलेल्या लोहाराचं नाव घेऊन तो जगतो. एक लांडगा रोज रात्री त्याच्या दाराशी येऊन बसतो. गावकऱ्यांना वाटतं, लोहाराने माणसाळवला. खरं तर तो देवळाचा राखणदार आहे. माणूस नाव बदलतो, वास बदलत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि देवळाच्या सहा पायऱ्या उघड्या पडतात. सातवी उघडी पडली की दार उघडतं. ती पाण्याखाली कुठे आहे हे फक्त नावाड्याला ठाऊक आहे.

दुसरीची चाल वेगळी. इथे गावात कुणी चूल पेटवत नाही, भट्टी पेटवत नाही, कारण उजेड पाहून तळ्यातलं काहीतरी वर येतं. जत्रा तोंडावर आली आहे आणि गाव थंड खाऊन कंटाळलंय. पार्टीला तळ्यातल्या देवळात उतरायचं आहे, पण खऱ्या नावाने उतरलेला परत येत नाही, म्हणून प्रत्येकाने गावातल्या कुणाचं तरी नाव उसनं घ्यायचं. इथे लेखकाने एक नियम घातला आहे: यापुढे टेबलावर कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारली, तर पाणी एक पायरी वर चढतं. खाली जाणारी प्रत्येक पायरी काहीतरी काढून घेते. पहिली आवाज, दुसरी सावली, असं करत सातवीवर उसनं नाव खरं होतं आणि ज्याने ते दिलं तो गावातला माणूस निनावी होतो. नावाडी इथेही नाराज आहे, भाडं थकलं म्हणून. त्याच्या नावेत एक माणसाळलेला लांडगा बसलेला असतो.

मी दोन्ही वाचल्या आणि दुसरीच्या प्रेमात पडले. लहानपणी नाथमाधवांचं 'वीरधवल' वाचताना येई तसा काटा त्या सातव्या पायरीवर अंगावर आला. मत द्यायचं नव्हतं म्हणून गप्प राहिले.

काढून पाहा

तिघांनी आधी एकमेकांशी न बोलता आपापला निवाडा लिहिला. बोलून मग लिहिलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचं मत तिघांचं होतं, असा त्यांचा आधीच्या फेरीचा अनुभव. दोन प्रवेशिकांपैकी कुणी कुठली आधी वाचायची, तेही चिठ्ठी टाकून. दुसऱ्यांदा वाचलेली गोष्ट पहिलीच्या प्रकाशात दिसते आणि त्यात कधी तिचा फायदा होतो, कधी तोटा.

घटकांची कसोटी साधी आहे आणि तिच्यातून सुटका नाही. एकेक घटक काढून पाहायचा. उरलेलं उभं राहतं का? पहिल्या प्रवेशिकेतला लांडगा काढला, तर पुजारी ओळखला जायचा मार्गच बंद होतो. भट्टी काढली, तर पुजाऱ्याच्या अपराधाची खूण जाते. नावाडी काढला, तर सातवी पायरी सापडत नाही. एक वीट काढली की भिंत खाली येते. मग दुसरी पाहणी: घटक बदलून पाहायचा. लांडग्याच्या जागी कुत्रा चालेल का? पहिलीत तोही चालत नाही, कारण कुत्रा दाराशी बसला तर गाव त्याची दखलच घेणार नाही.

दुसरीतला लांडगा काढला, तर काहीच होत नाही. त्याच्या जागी मांजर बसवलं तरी नाव तशीच चालते. नावाड्याची नाराजीही चार नाणी दिली की मिटते. तिथे 'नाराज' हा शब्द वापरला गेला, पण राबला नाही. परीक्षकांच्या बोलीत याला 'सजावट' म्हणतात. भट्टी मात्र जबरदस्त राबली होती. गावात उजेड नाही ही एकच गोष्ट सगळं वातावरण उभं करते. उसनं नाव आणि सातवी पायरी तर टेबलावर जिवंत होणाऱ्या होत्या. सहापैकी चार पक्के, दोन सजावटीचे.

इथवर पहिली सरळ जिंकत होती.

पार्टी दारात आली. आता?

तिसरी परीक्षक दर आठवड्याला डीएम म्हणून खेळ चालवते. तिने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "पार्टी गावात आली. आता करणार काय?"

कुणी लगेच बोललं नाही. पहिल्या प्रवेशिकेतलं जवळजवळ सगळं आधीच घडून गेलेलं होतं. देऊळ बुडलं, मुलगा गेला, पुजारी पळाला, नाव बदललं. खेळाडूंच्या वाट्याला उरलं होतं ते शोधणं. ही गोष्ट वाचणाऱ्या डीएमला आनंद होईल, पण टेबलाभोवती बसलेल्या चौघांना तो कसा पोचणार? त्यातल्या कुणी लोहाराच्या घरी जायचंच नाही असं ठरवलं तर? लांडगा दिसताच कुणी बाण सोडला तर? हौशी स्पर्धकांचं सगळ्यात सुंदर लेखन इथे अडखळतं. ते कादंबरीचा आराखडा लिहितात आणि खेळाडूंना तो शोधून काढायला पाठवतात. मग डीएमला त्यांना ढकलत ढकलत ठरलेल्या रस्त्याने न्यावं लागतं. खेळाडू त्याला रेलरोडिंग म्हणतात, आणि या खेळात त्याहून वाईट तक्रार नाही.

दुसऱ्या प्रवेशिकेत पार्टी दारात येताच तिला काम मिळतं. नाव कुणाचं मागायचं? म्हाताऱ्याचं घेतलं तर त्याचं फारसं जाणार नाही, पण ते घेणं बरोबर आहे का? लहान मुलगी आपणहून नाव द्यायला आली तर? शिवाय खऱ्या नावाने हाक मारायची नाही हा नियम खेळाडूंच्या पात्रांना नाही, खुद्द खेळाडूंना बांधतो. वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारी माणसं टेबलावर जीभ चावत बसतील. हे लिहिणाऱ्याने खेळ चालवलेला आहे, हे ओळीओळीत दिसतं.

मग वाद झाला, आणि तो ऐकण्यासाठी मी परत कर्वेनगरला जाईन. एकाचं म्हणणं: स्पर्धा घटकांची आहे. उत्तम अ‍ॅडव्हेंचर हवं असेल तर घटक कशाला द्यायचे? लांडगा वाया घालवलेल्याला पुढे पाठवलं, तर लांडग्यासाठी दोन रात्री जागलेल्यावर अन्याय. तिसरीचं म्हणणं: जे खेळताच येत नाही ते अ‍ॅडव्हेंचर नव्हे, घटक कितीही घट्ट बसवा. भाची मधे अडकली. तिने पहिली प्रवेशिका पुन्हा वाचायला घेतली, या वेळी हातात पेन्सिल घेऊन, आणि खेळाडूंनी काहीतरी ठरवायचं आहे अशी प्रत्येक जागा अधोरेखित केली. नावाड्याचं कर्ज कोण फेडणार, आणि कशाने? पुजाऱ्याला गावापुढे उघडं पाडायचं की त्याला देवळात परत न्यायचं? विस्तव परत दिला तर गावाचं लोहारकाम कायमचं बंद, मग? या निवडी होत्या, फक्त त्या चौदाशेव्या शब्दाच्या आसपास, शेवटच्या परिच्छेदात कोंबलेल्या. लेखकाने आधीची जागा इतिहासावर खर्चली होती.

"आहे, पण खाली गाडलंय," ती म्हणाली. "डीएमने उकरलं तर निघेल."

दोन विरुद्ध एक. पहिली प्रवेशिका पुढे गेली.

माझं मत आजही दुसरीकडे झुकतं. पण तो निवाडा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. स्पर्धेने जे मागितलं होतं ते पहिलीने अधिक पुरवलं, आणि परीक्षकाने स्वतःच्या आवडीपेक्षा मागणीशी इमान राखायचं असतं. तिघांनी सुरुवातीलाच आपापल्या आवडी एका कागदावर लिहून समोर ठेवल्या होत्या. एकाला भयकथा आवडते, एकीला विनोद चालत नाही, भाचीला कोडी आवडतात. तो कागद वाद रंगला की ते एकमेकांपुढे सरकवत.

एका गोष्टीत मात्र कसलीच सूट नव्हती: घड्याळ आणि शब्दसंख्या. नऊ वाजून दोन मिनिटांनी आलेली प्रवेशिका बाद. पंधराशेच्या पुढचे शब्द परीक्षक वाचतच नाहीत. मला हे आधी कठोर वाटलं. पण ज्याने आपला लाडका परिच्छेद कापून चौदाशे नव्वदवर आणलं, त्याचा विचार केला की पटतं.

हरणाऱ्याला दिलेलं पान

निकाल सांगायला एक ओळ पुरली असती. त्यांनी तिघांनी मिळून जवळजवळ पाच पानं लिहिली. प्रत्येक घटकाबद्दल दोन्ही प्रवेशिकांत काय केलं गेलं, कुठे तो राबला, कुठे नुसता उभा राहिला, खेळाडूंना पहिला निर्णय कोणत्या शब्दाशी घ्यावा लागतो, कोणतं दृश्य वाचताना परीक्षक थांबला. विरोधी मत देणारीने आपलं वेगळं पान जोडलं आणि त्याखाली सही केली. मूळ 'आयर्न डीएम' स्पर्धेतही हीच रीत आहे. परीक्षक आपापली कारणं सविस्तर लिहितात आणि ती सगळ्यांना वाचायला खुली असतात. त्यामुळे परीक्षकाचीही परीक्षा होत राहते. आळसाने वाचणारा दोन फेऱ्यांत उघडा पडतो.

हरलेल्या मुलाला ती पानं मिळाली तेव्हा तो तिथेच होता. त्याने वाचली, मग पुन्हा वाचली. लांडग्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. "तो शेवटच्या तासात नावेत टाकला," एवढंच म्हणाला. पण विरोधी मताच्या पानावर, नावं उसनी घेण्याच्या नियमाबद्दल जे लिहिलं होतं, ते तो बराच वेळ पाहत राहिला. पुढच्या शनिवारी ते अ‍ॅडव्हेंचर त्यांनी खेळायला घेतलं, हरलेलंच. लांडग्याला त्याने आता काम दिलं आहे: ज्याचं नाव उसनं गेलं त्याला तो ओळखत नाही.

मी बऱ्याच वर्षांपासून मराठी कथास्पर्धांना कथा पाठवत आले, काही ठिकाणी परीक्षक म्हणूनही बसले. पहिली, दुसरी, तिसरी, उत्तेजनार्थ, एवढं जाहीर होतं. का, ते होत नाही. काही एकांकिका स्पर्धांत परीक्षक प्रयोगानंतर संघांशी बोलतात, आणि त्या बोलण्यातून पोरं शिकतात हे मी पाहिलंय; पण ते बोलणं लिहिलं जात नाही, पुढच्या वर्षीच्या पोरांपर्यंत पोचत नाही. कथेच्या बाबतीत तेवढंही घडत नाही. पाठवणारा माणूस आपली कथा कुठे कमी पडली याचा अंदाज बांधत पुढची दिवाळी गाठतो.

म्हणून दिवाळी अंकांच्या आणि साहित्यसंस्थांच्या आयोजकांना माझी विनंती आहे. बक्षिसाची रक्कम कमी करावी लागली तरी चालेल, पण परीक्षकांकडून निदान अंतिम फेरीतल्या प्रत्येक कथेबद्दल एक लेखी पान घ्या. जिंकलेल्या कथांबरोबर ते छापा आणि न जिंकलेल्यांना ते टपालाने पाठवा. परीक्षकांत मतभेद असेल तर तोही नावानिशी येऊ द्या. त्यासाठी परीक्षकांना जास्त वेळ आणि वाजवी मानधन द्यावं लागेल, ते द्या. याच अंकाच्या पुढच्या वर्षीच्या कथास्पर्धेपासून सुरुवात करावी, असं या लेखासोबतच्या पत्रात मी संपादकांना लिहिलं आहे.